पत्र्याचा सांधा

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत इंग्लंडमधील एखाद्या मध्यम शहराच्या उपनगरातून रविवारी दुपारी फेरफटका मारणाऱ्या माणसाला, घरालगतच्या मोटारखान्याचे दार अर्धवट उघडे आहे, आत काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढलेला कोणी शिक्षक, कारकून किंवा टपाल खात्यातला नोकर जुन्या मोटारीच्या पोटाखाली उताणा पडला आहे, आणि त्याच्या हातातल्या पिस्तुलाच्या आकाराच्या अवजारातून निघणारा निळा उजेड भिंतीवर थरथरत आहे, असे दृश्य सहज पाहावयास मिळे. अशा गृहस्थाला हौशी म्हणावयाचे, त्याच्या उद्योगाला छंद म्हणावयाचे आणि इंग्रज माणसाच्या उपजत यंत्रप्रेमाविषयी चार कौतुकाचे शब्द लिहून विषय आटोपता घ्यावयाचा, ही रीत त्या देशातील लेखकांनीही पुष्कळ चालवली आहे. मला ती मान्य नाही. घरच्या घरी मोटारीचा पत्रा सांधण्याच्या या कलेचा पूर्वेतिहास पाहू लागले म्हणजे आरंभी हौस क्वचितच आढळते. तेथे आढळते ती एका सरकारी दाखल्याची सक्ती, आणि ती सक्ती ज्या गंजामुळे अटळ झाली तो गंज.

लोखंडाला लोखंड जोडण्याची विद्या अर्थातच फार प्राचीन आहे. दिल्लीचा लोहस्तंभ, ज्याची उंची सात मीटरांहून किंचित अधिक आणि वजन सहा टनांहून अधिक आहे, तो गुप्तकाळातील कारागिरांनी तप्त लोहपिंड एकमेकांवर ठोकून एकजीव केला. आणि आपल्याकडील गावगाड्यातला लोहार बलुत्याच्या धान्यावर शेतकऱ्याचा झिजलेला फाळ पुन्हा भरून देत असे तो त्याच तत्त्वावर, म्हणजे लोखंड न वितळवता, ते पांढरेफटक होईपर्यंत तापवून, वर वाळू किंवा सवागी टाकून आणि घणाच्या आघाताने. या सांध्याला लोखंड जाड लागते. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा भट्टीत घातला तर तो ऐरणीपर्यंत येता येताच निवतो, आणि निवला नाही तर जळून जातो. मोटारीच्या जमान्यात लोहाराची विद्या निरुपयोगी ठरली याचे कारण लोहाराचे अज्ञान हे नसून पत्र्याचा पातळपणा हे होय.

एकोणिसाव्या शतकात विद्युत् आणि वायू या दोन नव्या शक्ती या कामी आल्या. रशियात निकोलाय बेनार्दोस याने १८८१ च्या सुमारास कार्बनच्या कांडीने विद्युत्-ज्योत पाडून धातू सांधून दाखवला. १८८८ मध्ये त्याचाच देशबंधू स्लाव्यानोव याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे जी ज्योत पाडते तीच वितळून सांध्यात भरते अशी योजना केली. आणि पुढे स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने कांडीवर लेप चढवून वितळलेल्या धातूला हवेपासून संरक्षण दिले. दुसरीकडे फ्रान्समध्ये ल शातेलिए याने १८९५ मध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांची ज्योत तीन हजार अंशांहून अधिक तापते असे दाखवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती ज्योत हातात धरता येईल असे बर्नर तयार झाले. जहाजे, पूल, बाष्पपात्रे यांच्या दुरुस्तीला या दोन्ही पद्धती वरदान ठरल्या. पातळ पत्र्याशी मात्र दोघींचेही जमेना. लेपाची कांडी पत्र्याला टेकताच भोक पाडी. आणि वायूची ज्योत, कुशल हातात ती कितीही गोड चालली तरी, सांध्याच्या दोन्ही अंगांना वीतभर पत्रा तापवी, आणि तापलेला पत्रा निवताना आक्रसून असा पिळवटे की तो पुन्हा सपाट करण्यात डेंटरचा अर्धा दिवस जाई.

मोटारी लाकडी सांगाड्याच्या होत्या तोवर हा प्रश्न गौण होता. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने सबंध पोलादी पत्र्याची मोटार करण्याचा ध्यास घेतला, १९१४ मध्ये डॉज बंधूंनी त्याच्याकडे तशा कायांची मोठी मागणी नोंदवली, आणि १९२४ मध्ये त्याचीच पद्धत फ्रान्समध्ये सित्रोएनने उचलली. पुढची पायरी अशी की मोटारीला खाली वेगळी लोखंडी चौकट असण्याचे कारणच उरू नये, पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून त्यांतूनच सारे बळ निर्माण व्हावे. सित्रोएनची १९३४ ची पुढच्या चाकांनी ओढणारी मोटार हे या रचनेचे गाजलेले उदाहरण. अशा कायेत हजारो सांधे असत, आणि कारखान्यात ते ना ज्योतीने केलेले असत ना कांडीने. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबावयाचे, क्षणमात्र प्रचंड विद्युत्प्रवाह सोडावयाचा, आणि मसुराएवढा बिंदू आतल्या आत वितळून एकजीव होऊ द्यावयाचा, अशी ती बिंदुजोडाची पद्धत होती. तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी टोक पोचले पाहिजे. कारखान्यात काया अर्धवट उघडी असताना ते पोचते. काया पूर्ण झाली, पेट्या बंद झाल्या, की पुन्हा कधीही पोचत नाही. ज्याने ही मोटार बांधली त्याला ती कशी दुरुस्त होईल याची चिंता नव्हती, हे म्हणणे कठोर असले तरी अन्यायाचे नाही.

ॲलेक इसिगोनिस याने रेखलेली आणि १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम मांडलेली मॉरिस मायनर ही या संबंध कथेची नायिका मानावयास हरकत नाही. सोळा लाखांहून अधिक मायनर तयार झाल्या. आपल्याकडेही हिंदुस्थान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने काही काळ विकली. तिच्या दाराखाली सिल म्हणतात ती लांब पेटी असते: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये आडवी बळकटीची पट्टी. पुढच्या आसनांखालून एक आडवी तुळई या सिलपासून त्या सिलपर्यंत जाते. चाक बदलताना जॅक तिच्याच टोकांत अडकवतात, आणि पुढच्या चाकांचा भार झेलणारे पिळाचे लांब दांडे मागल्या टोकाला याच तुळईत रोवलेले असतात. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून चेशायरमधील विन्सफर्डसारख्या खाणींतले मीठ सरकार रस्त्यांवर पसरते. ते विरघळून चाकांनी उडवलेल्या चिखलाबरोबर या पेट्यांच्या आत जाते, निचऱ्याची भोके चिखलाने बुजतात, आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरून रंग तकतकीत, क्वचित एखादा फोड. पेचकसाच्या टोकाने तो फोड दाबावा तर टोक थेट पेटीत उतरावे आणि हातात तपकिरी भुगा यावा. इंजिन आणखी लाख मैल चालेल अशा अवस्थेतल्या असंख्य मोटारी या एका कारणाने भंगारात गेल्या.

येथे सरकारचा प्रवेश होतो. १९६० च्या सप्टेंबरात अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना दहा वर्षांहून जुन्या मोटारींच्या तपासणीची योजना अमलात आली. आरंभी तपासणीची कलमे मोजकी होती, ब्रेक, दिवे आणि सुकाणू. परंतु नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले की वयाची मर्यादा दुसऱ्याच वर्षी सातावर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणली गेली. आपल्या विषयाला महत्त्वाचे साल मात्र १९७७ हे आहे. त्या वर्षी मोटारीच्या कायेची आणि चौकटीची दृढता हाही तपासणीचा भाग झाला. तपासनीस आता हातोडीने ठोकून पाहू लागला. चाकांच्या जोडणीपासून, सुकाणूच्या बैठकीपासून किंवा आसनपट्ट्याच्या खुंटीपासून ३० सेंटिमीटरांच्या टापूत पत्रा कुजलेला आढळला की दाखला नामंजूर. दुरुस्तीचाही दंडक ठरला: भार वाहणाऱ्या भागाला पितळी डाक, चिकटद्रव्य किंवा फायबरग्लासचे लिंपण चालावयाचे नाही, आणि मूळ सांधा बिंदुजोडाचा नसेल तेथे ठिगळाची कड चारी बाजूंनी सलग सांधलेली हवी. त्यापूर्वी वर्तमानपत्राचे बोळे, जाळी, पुट्टी आणि काळे डांबर यांच्या बळावर किती गाड्या कशा रस्त्यावर होत्या, याच्या दंतकथा त्या पिढीचे लोक अद्याप मोठ्या चवीने सांगतात. त्यांतल्या बऱ्याचशा खऱ्या असाव्यात.

दाखला नाही तर रस्ता नाही, आणि गॅरेजमध्ये न्यावी तर दोन्ही सिल बदलण्याची मजुरी मोटारीच्या किमतीहून जास्त. या पेचातून सुटण्याची वाट एकच होती, काम स्वतः करणे. वाट होती पण अवजार नव्हते. ते अवजार भलत्याच दिशेने, विमानांच्या कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून येत होते.

ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हवेतल्या ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावतात म्हणून त्यांचा सांधा उघड्या हवेत होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ च्या सुमारास, नॉर्थ्रॉप विमान कारखान्यातील रसेल मेरेडिथ याने टंगस्टनची न वितळणारी कांडी आणि तिच्याभोवती हेलियम वायूचे आवरण अशी युक्ती मॅग्नेशियमसाठी साधली. ती मंद आणि खर्चिक होती. १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये, एअर रिडक्शन कंपनीच्या आश्रयाने, टंगस्टनच्या जागी रिळावरून अखंड सरकत येणारी तार आली: तार हीच ज्योतीचे टोक, तीच भरावाचा धातू, आणि भोवती निष्क्रिय वायूचे कवच. एमआयजी म्हणून आज जी पद्धत जगभर चालते तिचा जन्म हा. पोलादासाठी आर्गॉनसारखा महाग वायू परवडेना, तेव्हा १९५३ मध्ये सोव्हिएत रशियातील ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव यांनी साध्या कार्बन डायऑक्साइडवर हेच काम होते असे जाहीर केले, आणि वायूचा खर्च एकदम उतरला. तरीही जाड तार आणि जबर प्रवाह यांमुळे ज्योत इतकी प्रखर पडे की ती जाड प्लेटीलाच मानवे. पातळ पत्र्याला हात लावण्याची मुभा १९५८–५९ मध्ये मिळाली. बारीक तार, कमी विद्युत्-दाब आणि वारंवार होणारे क्षणिक शॉर्ट सर्किट यांवर आधारलेला प्रकार त्या वेळी प्रचारात आला.

या शेवटच्या प्रकाराचे कार्य थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण घरगुती कारागिराचे सारे यश त्यावर उभे आहे. तार पुढे सरकते आणि वितळलेल्या डबक्याला टेकते. टेकताच ज्योत विझते आणि प्रवाह एकदम चढतो. चढलेल्या प्रवाहाचे चुंबकीय बल तारेच्या टोकाला आवळून तिचा एक थेंब तोडते. थेंब डबक्यात मिसळतो, मध्ये फट पडते, ज्योत पुन्हा पेटते, आणि तार पुन्हा पुढे सरकते. हे चक्र सेकंदाला वीसपासून दोनशेहून अधिक वेळा घडते. प्रत्येक फेऱ्यात ज्योत क्षणभर विझत असल्यामुळे पत्र्याला उसंत मिळते, आणि म्हणूनच एक मिलिमीटरचा पत्राही भोक न पडता सांधला जातो. यंत्राचा दाब स्थिर राखलेला असतो. प्रवाह किती वाहावा हे तारेच्या वेगावर ठरते. हात किंचित वर गेला, ज्योत लांबली, की प्रवाह आपोआप घटतो, तार कमी वितळते आणि अंतर पूर्ववत् होते. कांडीच्या वेल्डरला हे अंतर राखण्याचा हात बसवावा लागे, त्यात त्याचे वर्षवर्ष जाई. येथे तो हात यंत्रानेच आपल्या अंगावर घेतला. दाब आणि तारेचा वेग यांचा मेळ बसला की फोडणीतल्या मोहरीसारखा एकसारखा तडतडाट ऐकू येतो. वेग जास्त झाला तर तार पत्र्याला ठोसे मारू लागते, कमी झाला तर टोकाशी गोळा होऊन ज्योत मागे तांब्याच्या नळीत चढते. जाणते लोक कानाने यंत्र लावतात.

कारखान्यांतून आणि मोठ्या गॅरेजांतून हे यंत्र घरात आले ते १९८० नंतरच्या वर्षांत. बोलोन्याजवळची सेबोरा, लफबरोची एसआयपी अशा कंपन्यांनी ब्रिटिश घरातल्या १३ अँपियरच्या साध्या खुंटीवर चालणारी लहान यंत्रे बाजारात आणली. तीन किलोवॅटांच्या आसपास मिळणाऱ्या त्या शक्तीत जाड लोखंड सांधणे कठीण, परंतु मोटारीच्या पत्र्याला ती पुरून उरे. ‘प्रॅक्टिकल क्लासिक्स’ हे मासिक १९८० मध्येच निघाले आणि सिल कशी कापावी, ठिगळ कसे बेतावे याचे धडे पुस्तकांतून व मासिकांतून घरोघर गेले. यंत्राबरोबर मिळणाऱ्या वायूच्या लहान बाटल्या महाग पडत आणि पाहता पाहता रित्या होत. तेव्हा पुष्कळांनी दारूच्या गुत्त्यांत बियर वर चढवण्यासाठी वापरतात ते कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे मिळवले, त्याला योग्य झडप बसवली आणि काम चालू केले. कायद्याच्या दृष्टीने ती नळकांडी वायूच्या कंपन्यांची मालमत्ता होती. पण त्या खात्यातला हिशेब कोणी फार काटेकोर ठेवलेला दिसत नाही.

कामाची पद्धत मात्र काटेकोर. प्रथम बॅटरी सोडवावयाची, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर उतरवावयाची, आतला गालिचा आणि डांबरी अस्तर खरवडून काढावयाचे. हे न केल्यामुळे जळालेल्या मोटारींची उदाहरणे थोडी नाहीत. जस्ताचा मुलामा असेल तर तोही घासून काढावयाचा, कारण त्याचा धूर ताप आणतो. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी नळी सांधून ती ताठ ठेवावयाची. हे विसरले तर मोटार मधोमध खचते आणि नवी सिल उत्तम बसल्यावर दार लागेनासे होते. कुजलेला पत्रा निर्मळ लोखंड लागेपर्यंत मागे कापावयाचा, या ठिकाणी नवशिक्याचे मन कचरते आणि तो गंजाच्या काठालाच ठिगळ जोडू पाहतो, जेथे डबके धरतच नाही. कडेला कड भिडवावयाची असेल तर पत्र्याच्या जाडीइतकी फट ठेवावयाची. मग बोटाच्या दोन पेरांच्या अंतराने टाके. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये, आणि प्रत्येक टाका हाताला सोसेल इतका निवेपर्यंत पुढे जावयाचे नाही. सलग रेघ ओढण्याचा मोह आवरला नाही की सपाट दरवाजा लाटा घेतो, आणि त्या लाटा पुढे लांबी भरून झाकाव्या लागतात.

जेथे कारखान्याने बिंदुजोड केला होता तेथे घरच्या कारागिराने वेगळी तोड काढली. वरच्या पत्र्याला पाचसहा मिलिमीटरांचे भोक पाडावयाचे, दोन्ही पत्रे चिमट्याने आवळावयाचे आणि त्या भोकातून खालच्या पत्र्यावर ज्योत पाडून ते धातूने भरून काढावयाचे. हे एका बाजूनेच होते, बंद पेटीवरही होते, आणि ग्राइंडरने घासल्यावर मूळच्या बिंदूशी त्याचे साम्य इतके असते की ओळख पटणे अवघड. बिंदुजोडाने जी वाट बंद केली होती ती अशा रीतीने भोकातून पुन्हा उघडली गेली. माझ्या मते घरगुती वेल्डिंगच्या इतिहासात यासारखी चतुर युक्ती दुसरी नाही, आणि ती कोणा एकाच्या नावावर जमाही नाही.

आपल्याकडे हा प्रकार का रुजला नाही, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येईल. गंजाची वाण आपल्याला नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बाहेर पडत होती. तीही पत्र्याच्या पेट्यांची काया होती, आणि मुंबईची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस तिच्या तळपत्र्याला चेशायरच्या मिठाइतकाच बाधे. टॅक्सीच्या मागल्या आसनापुढे पाय ठेवला असता खालचा रस्ता दिसतो, असा अनुभव त्या पिढीला नवा नव्हता. परंतु आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि मोटार महाग, म्हणजे इंग्लंडच्या नेमके उलट. दोन गल्ल्या ओलांडल्या की वायूची ज्योत आणि पितळी सळई घेऊन बसलेला मिस्त्री भेटे, आणि तो जुना तळपत्रा कापून नवा पत्रा हातोडीने घडवून संध्याकाळपर्यंत सांधून देई. वाहनमालकाने स्वतः मुखवटा चढवावा असे कोणतेही आर्थिक कारण नव्हते. सामाजिक कारणे तर उलट दिशेचीच होती. हौस आपल्याकडे कमी होती असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. सक्ती नव्हती इतकेच सिद्ध होते.

सक्तीच्या या कहाणीला अलीकडे एक वळण लागले आहे. ब्रिटनने २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक मोटारींना, त्यांच्यात गेल्या तीस वर्षांत मोठा फेरफार झालेला नसेल तर, वार्षिक तपासणीतून मुक्त केले. आणि मोठ्या फेरफाराची व्याख्या करताना मूळच्याच नमुन्याची नवी चौकट किंवा काया बसवणे हा फेरफार धरला नाही. ज्या दाखल्याने घराघरांत यंत्र आणले तो दाखलाच आता बहुतेक मायनरना लागत नाही, तरी यंत्रे धूळ खात पडली असे घडलेले नाही. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची वेगळी नोंदणी करण्याचे नियम काढले, वीस हजार रुपये शुल्क ठरवले, आणि वाहन मूळ स्वरूपात असावे, चौकट, काया किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट घातली. कुर्ल्याच्या एखाद्या जुन्या फियाटचा तळपत्रा मिस्त्रीने पितळाने आणि त्याच्या मुलाने पुढे तारेच्या यंत्राने बदललेला असेल, तर या अटीचा अर्थ कसा लावावयाचा हे तपासणाऱ्या समितीच्या विवेकावर आहे. तिच्या सदस्यांनी वरून, रंगाच्या बाजूने पाहू नये. घासून सपाट केलेला सांधा तेथे दिसणार नाही. गाडी खड्ड्यावर घेऊन खालून दिवा धरला तर पितळाची पिवळी रेघ आणि तारेच्या भरावाची खवल्यांची रेघ शेजारी शेजारी स्पष्ट दिसतात, कारण त्या बाजूला ग्राइंडर सहसा कोणी लावत नाही.